उजेडाने आकसणारी जेली

चिमूटभर सब्जा वाटीत घ्या, वर पाणी ओता आणि दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा. परत येऊन बघाल तर प्रत्येक काळ्या दाण्याने गुळगुळीत, पारदर्शक झगा चढवलेला असतो. फालुद्यात तो आपण न चावताच गिळून टाकतो. बी पाण्यात असताना त्या झग्याची कड जेमतेम दिसते. चमच्यात घेऊन बाहेर काढलं की मात्र तो चकाकतो, त्यातून पलीकडचं वाकडं दिसतं, बारीकसं भिंगच जणू.

या लेखातलं जवळजवळ सगळं विज्ञान त्या वाटीत आहे. पाणी धरून बसणारं एक जाळं, आणि त्या जाळ्यात पाणी किती आहे यावर ठरणारं प्रकाशाचं वळणं. कमी आहे ती एकच गोष्ट. सब्जाच्या झग्यावर बॅटरीचा झोत मारला तर त्याला काही फरक पडत नाही. शास्त्रज्ञांनी अशा जेली बनवल्या आहेत ज्यांना पडतो.

जेल म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, जागोजागी एकमेकींना गाठी मारलेल्या. मासेमारीचं जाळं डोळ्यासमोर आणा, फक्त त्याचं एकेक भोक काही नॅनोमीटरचं, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबातलं. साखळीला पाणी आवडत असेल तर ती पाणी आत ओढून घेते, जाळं ताणलं जातं. गाठी असल्यामुळे ते विरघळून जात नाही. पाण्याची ओढ एका बाजूला आणि जाळ्याचा ताण दुसऱ्या बाजूला, या रस्सीखेचीत दोन्ही बाजू जिथे बरोबरीत येतात तिथे फुगणं थांबतं. बाळाच्या डायपरमधली पावडर हेच करते. कोरडवाहू शेतीत मुळांशी टाकतात ते हायड्रोजेलही हेच करतं.

आता साखळीची पाण्याबद्दलची आवड बदलता आली तर? १९७८ साली एमआयटीतले जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोयोइची तनाका यांनी पॉलिॲक्रिलामाइडच्या जेलचे तुकडे पाणी आणि ॲसिटोनच्या मिश्रणात ठेवून पाहिले. ॲसिटोन हळूहळू वाढवला तर जेलही हळूहळू आकसेल, असं कुणालाही वाटेल. काही जेलच्या बाबतीत तसं झालं नाही. एका ठरावीक प्रमाणापर्यंत जेल फुगलेलं राहिलं आणि त्यापुढे जराशा फरकाने एकदम कोसळलं, कित्येक पटींनी लहान झालं. पाण्याची वाफ होते तसं हे अवस्थांतर होतं, आणि मिश्रण पूर्ववत केलं की जेल पुन्हा फुगत होतं. पुढच्या सगळ्या कामाचा पाया इथे पडला. कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या जेलला बारीकसा धक्का पुरतो. तो धक्का ॲसिटोनचाच असायला हवा असं मुळीच नाही.

(जाता जाता आपल्याकडची नोंद. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या जेलवर बरंच काम केलं. साखळीतला पाणी आवडणारा भाग आणि पाणी टाळणारा भाग यांचं प्रमाण बदलून जेल कोणत्या तापमानाला कोसळेल ते कसं ठरवता येतं, हा त्यातला एक प्रश्न.)

धक्का उजेडाने द्यायचा तर पहिला मार्ग आडवळणाचा आहे. पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड नावाचं एक पॉलिमर आहे. नाव उच्चारताना जीभ अडखळते म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘पीनिपॅम’ म्हणतात. त्याच्या साखळ्यांना थंड पाणी आवडतं. साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर त्याच साखळ्या पाण्याकडे पाठ फिरवून एकमेकींना चिकटतात आणि जेल आकसतं. १९९० साली सुझुकी आणि तनाका यांनी या जेलमध्ये क्लोरोफिलिन मिसळलं. पानांच्या हरितद्रव्यापासून बनवलेला हा रंग. त्यावर दृश्य प्रकाश टाकला, रंगाने तो शोषला, आतल्या आत ऊब तयार झाली आणि जेल कोसळलं. प्रयोग गाजला आणि गाजायलाच हवा होता. पण काटेकोर बोलायचं तर इथे उजेडाने फक्त चूल पेटवली, काम केलं ते उष्णतेने.

दुसरा मार्ग सरळ आहे. जाळ्यातच असे रेणू विणायचे जे उजेड पडला की स्वतःचा आकार बदलतात. यातला सगळ्यात जुना जाणता म्हणजे ॲझोबेंझिन. दोन बेंझिन कडी, मध्ये नायट्रोजनच्या दोन अणूंचा पूल. एरवी हा रेणू हात पसरल्यासारखा सरळ असतो, लांबी सुमारे ०.९ नॅनोमीटर. अतिनील प्रकाश पडला की पुलापाशी दुमडतो आणि सुमारे ०.५५ नॅनोमीटरचा होतो. निळा प्रकाश टाकला, किंवा नुसतं अंधारात ठेवून दिलं, तरी परत सरळ होतो. हार्टली यांनी १९३७ मध्ये हे उजेडाने होणारं दुमडणं दाखवलं, तेव्हा जेलचा विचारही त्यात नव्हता. दुमडलेला रेणू पाण्याशी जास्त सलोख्याने वागतो, त्यामुळे जाळ्याची पाण्याची आवड बदलते. रेणूचा आकार बदलतो म्हणून जेल फुगतं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, ते अर्धंच खरं आहे. पाण्यातल्या जेलमध्ये जास्त वजन पडतं ते या बदललेल्या आवडीचं.

आपल्या कामाचा दुसरा रेणू स्पायरोपायरन. याचे दोन अर्धे भाग एका कार्बनच्या अणूवर एकमेकांना काटकोनात जोडलेले असतात. एक बंध तुटला की रेणू उघडतो, सपाट होतो, त्याला रंग येतो आणि त्याच्यावर विद्युतभार दिसू लागतो. इस्राएलमधल्या फिशर आणि हिर्शबर्ग यांनी १९५२ मध्ये याचं प्रकाशाने उघडणं-मिटणं नोंदवलं. साध्या द्रावणात अतिनील प्रकाशाने हा रेणू उघडतो. आम्लधर्मी पाण्यात मात्र गोष्ट उलटते. तिथे अंधारात उघडं रूप टिकून राहतं, आणि दृश्य प्रकाश पडला की रेणू मिटतो. उघड्या रूपाला पाणी आवडतं, मिटलेल्याला नाही. म्हणजे अशा रेणूचं जेल अंधारात फुगतं आणि उजेडात आकसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

आता प्रकाशाच्या वळण्याकडे. दहावीच्या पुस्तकातला अपवर्तनांक आठवत असेल. प्रकाश एखाद्या पदार्थात निर्वातापेक्षा किती हळू चालतो त्याचा तो आकडा. पाण्याचा १.३३, नेहमीच्या काचेचा दीडच्या आसपास, बहुतेक पॉलिमरचाही तितकाच. भरपूर पाणी प्यालेलं जेल म्हणजे मुख्यतः पाणीच, म्हणून त्याचा अपवर्तनांक पाण्याच्या अगदी जवळ असतो. सब्जाचा झगा पाण्यात जेमतेम दिसतो तो यामुळेच. दोन शेजाऱ्यांच्या अपवर्तनांकांत फरक नसेल तर प्रकाशाला तिथे सीमा आहे हेच कळत नाही, तो वळत नाही, परावर्तित होत नाही. जेलने पाणी बाहेर टाकलं की पॉलिमर दाटतं आणि अपवर्तनांक चढतो. चढ थोडाच असतो. पण प्रकाशाला थोडाच पुरतो. आपल्या घरात येणाऱ्या इंटरनेटच्या फायबरचं उदाहरण घ्या. त्याच्या गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या वेष्टनापेक्षा अगदी किंचित जास्त असतो, अनेकदा एका टक्क्याहूनही कमी फरकाने. तेवढ्यावर पूर्ण आंतरिक परावर्तन होतं आणि प्रकाश किलोमीटरच्या किलोमीटर आत कोंडलेला राहतो.

हे दोन धागे एकत्र आले की या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गंमत सुरू होते.

केसापेक्षा बारीक केलेला लेझरचा झोत घ्या आणि पाण्यातून सोडा. काही मिलिमीटरमध्ये तो रुंदावतो. यात लेझरचा दोष नाही, बारीक केलेली कोणतीही लाट पुढे पसरतेच. आता तोच झोत आपल्या स्पायरोपायरनच्या जेलमधून सोडा. झोताच्या मधोमध उजेड सगळ्यात जास्त, कडेला कमी. म्हणून मध्यभागी जास्त रेणू मिटतात, तिथलं जाळं आकसतं, तिथला अपवर्तनांक चढतो. म्हणजे मध्ये जास्त, कडेला कमी. ही तर फायबरचीच रचना झाली! झोत स्वतःच स्वतःसाठी नळी खणतो, तिच्यात शिरतो आणि पसरायचा थांबतो. पसरायचा थांबला की मधला उजेड आणखी वाढतो, नळी आणखी पक्की होते. झोत बंद केला की अंधारात रेणू पुन्हा उघडतात, पाणी परत येतं आणि नळी पुसली जाते. पाणंद जशी माणसांच्या जाण्यायेण्याने तयार होते आणि वर्दळ थांबली की गवतात बुजते, तसं काहीसं.

२०२० साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या कलैचेल्वी सरवणमुत्तू आणि अमेरिकेतल्या हार्वर्ड व पिट्सबर्ग विद्यापीठांतल्या संशोधकांनी मिळून हे करून दाखवलं. स्वतःला कोंडून घेणारा प्रकाश त्याआधीही माहीत होता, पण बऱ्याचदा त्याला एकतर ताकदवान लेझर लागायचे, नाहीतर झोताने खणलेली नळी द्रव घट्ट होऊन कायमची बसायची. इथे मंद लेझर पुरला आणि नळी पुसताही आली.

याच प्रयोगातला दुसरा भाग आणखी विलक्षण. एकाच जेलमधून दोन झोत सोडले, एकमेकांपासून चांगले लांब, त्यांचा उजेड एकमेकांवर पडणारच नाही इतके. तरीही एक झोत चालू असला की दुसऱ्याचं कोंडून घेणं ढिलं पडतं. उजेडाने उजेडाला स्पर्श केलेला नाही, मग निरोप पोचला कसा? जाळ्यातून. चादर एका ठिकाणी चिमटीत धरून ओढली की लांबच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्याही हलतात. जेल हे एकच सलग जाळं आहे. एका झोताभोवती ते आकसायला लागलं की तो ताण दुसऱ्या झोतापर्यंत जातो आणि तिथल्या आकसण्यात खोडा घालतो. प्रकाश, रसायन आणि ताण यांची साखळी जुळली की दोन प्रकाशझोत एकमेकांना दुरून आवर घालू शकतात.

या प्रयोगाच्या बातम्यांमध्ये तारांशिवाय चालणाऱ्या संगणकाचं स्वप्न हटकून येतं. एक झोत दुसऱ्याला बंद-चालू करू शकत असेल तर ते एक प्रकारचं बटण आहेच, आणि बटणांतून संगणक बनतात, हा तर्क चुकीचा नाही. पण वेगाचा हिशेब केलेला बरा.

त्या हिशेबात अडथळा पाण्याचा आहे. रेणू उजेडात दुमडतो तो सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात. पाण्याला मात्र जाळ्याच्या भोकाभोकातून वाट काढत बाहेर पडावं लागतं. तनाका यांनीच दाखवलेला नियम असा, की जेलला फुगायला किंवा आकसायला लागणारा वेळ त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट. मिलिमीटरभर जाडीच्या तुकड्याला तासन् तास लागू शकतात, आणि तोच तुकडा हजारपट पातळ केला तर वेळ दहा लाख पटींनी घटून सेकंदाच्या अंशावर येतो. म्हणून या क्षेत्रातले लोक जेलचे ठोकळे सोडून पातळ पापुद्रे आणि सूक्ष्म थेंब बनवायच्या मागे असतात. एका सेकंदात अब्जावधी वेळा चालू-बंद होणाऱ्या सिलिकॉनच्या चिपशी जेलची शर्यत लावणं म्हणजे बैलगाडीला द्रुतगती मार्गावर उतरवणं आहे. मला तरी हे पदार्थ संगणकापेक्षा कातडीच्या, स्नायूच्या, डोळ्याच्या जवळचे वाटतात. तिथे सेकंदभराचा उशीर चालतो.

अडचणी आणखीही आहेत. उजेड शोषणारा रेणू जेलमध्ये दाट भरला तर वरचा थरच सगळा उजेड पिऊन टाकतो, खालच्यांना अंधारच. विरळ भरला तर परिणाम पुरेसा होत नाही. स्पायरोपायरन पुन्हा पुन्हा उघडमीट करून थकतो, दर फेरीत थोडे रेणू कायमचे बिघडतात. उघड्यावर ठेवलेलं जेल सुकतं. आणि कोसळताना जेल बऱ्याचदा पांढरंफटक होतं, कारण दाट-विरळ गठ्ठे तयार होऊन प्रकाशाचं विकिरण होतं. उन्हाने तापल्यावर आपोआप धूसर होणाऱ्या खिडकीसाठी हा दोष गुण ठरतो, दोन काचांमध्ये पीनिपॅम भरून अशा खिडक्या करून पाहिल्या गेल्या आहेत. भिंगासाठी मात्र त्याचा उपयोग शून्य.

रंगाची बाजू थोडक्यात. मोराच्या पिसातला निळा-हिरवा रंग रंगद्रव्यातून येत नाही. पिसाच्या आत अतिसूक्ष्म कांड्या ठरावीक अंतराने रचलेल्या असतात, आणि त्या अंतराशी जुळणारीच तरंगलांबी जोरात परत फिरते. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या सॅनफर्ड ॲशर यांनी हीच युक्ती जेलमध्ये आणली. एकसारख्या आकाराचे, सारखाच विद्युतभार असलेले सूक्ष्म गोळे पाण्यात सोडले की ते एकमेकांना ढकलत आपसूक कवायतीसारखे रांगेत उभे राहतात. ती रचना जेलमध्ये गोठवून टाकायची. मग जेल फुगलं की रांगांमधलं अंतर वाढतं, आकसलं की घटतं, आणि रंग बदलतो. ढोबळ हिशेब सोपा आहे. समोरून पाहताना परत येणारी तरंगलांबी म्हणजे रांगांमधल्या अंतराच्या दुप्पट, गुणिले अपवर्तनांक. अंतर २०० नॅनोमीटर आणि अपवर्तनांक १.३५ धरला तर ५४० नॅनोमीटर, म्हणजे हिरवा. अंतर २३० झालं तर सुमारे ६२० नॅनोमीटर, लालसर. १७० झालं तर ४६० च्या आसपास, निळा. जाळ्याची लांबी पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे झाली की अर्धं इंद्रधनुष्य पार. २००३ मध्ये ॲशर यांच्या गटाने अशा जेलमध्ये ॲझोबेंझिन गुंफून अतिनील प्रकाशाने रंग सरकवून दाखवला.

जेल आणि डोळ्याचं नातं मात्र जुनं आहे. ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम या चेक रसायनशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये पाणी धरणाऱ्या जेलबद्दल निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी नाताळात विख्टर्ले यांनी प्राग शहरातल्या आपल्या घरी, मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून फिरतं यंत्र केलं आणि त्यावर पहिली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतली. आज जगभर लोक डोळ्यांत घालतात त्या मऊ लेन्सची वंशावळ तिथे पोचते. पण तिला उजेडाने काही होत नाही, आणि होऊही नये.

उजेड ओळखणारं जेल डोळ्यात पोचलं ते मोतीबिंदूच्या वाटेने. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये धुरकटलेलं नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. त्याचा नंबर आधी मोजमापं घेऊन ठरवावा लागतो. जखम भरताना भिंग किंचित पुढेमागे बसतं आणि थोडा नंबर उरतो. एरवी त्यावर उपाय म्हणजे चष्मा. अमेरिकेतले नेत्रशल्यचिकित्सक डॅनियल श्वार्ट्झ आणि तिथल्याच कॅल्टेक विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रब्ज (यांना २००५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण वेगळ्या कामासाठी) यांनी दुसरा विचार मांडला. भिंग बसवून झाल्यावर, जखम भरल्यावर, डोळ्यातल्या डोळ्यातच त्याचा नंबर बदलला तर?

हे भिंग सिलिकोनचं असतं. त्यात पाणी नाही, पण रचना आपल्या ओळखीची आहे. गाठी मारलेलं जाळं, आणि त्याच्या भोकांतून मोकळे हिंडणारे छोटे रेणू. या छोट्या रेणूंवर अतिनील प्रकाश पडला की ते एकमेकांना जोडले जाऊन जागीच अडकतात. दाताच्या डॉक्टरांनी निळा दिवा धरून सिमेंट घट्ट केलेलं आठवत असेल, त्याच जातीची ही प्रक्रिया. ऑपरेशननंतर अडीच-तीन आठवड्यांनी रुग्णाला दिव्यासमोर बसवतात आणि ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश भिंगाच्या ठरावीक भागावर साधारण मिनिट-दीड मिनिट टाकतात. समजा मध्यभागी टाकला. तिथले मोकळे रेणू अडकले, म्हणजे मध्ये मोकळ्या रेणूंची टंचाई झाली. कडेला ते भरपूर आहेत. मग कडेचे रेणू हळूहळू मध्याकडे झिरपतात, यालाच विसरण (डिफ्यूजन) म्हणतात. एक-दोन दिवसांत मध्यभाग फुगतो, भिंगाची ताकद वाढते. प्रकाश कडेला टाकला तर उलट होतं, मध्य चपटा होतो. एकाच अक्षावर कमी-जास्त टाकला तर सिलिंडरचा नंबरही काढता येतो. रुग्ण काही दिवसांनी येतो, वाचून बघतो, दूरचं पाहून सांगतो, आणि गरज असेल तर आणखी एक फेरी होते. जेलचा संथपणा इथे आड येत नाही, सगळ्यांनाच एक-दोन दिवस थांबायला वेळ आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये या भिंगाला मंजुरी दिली. एक पथ्य मात्र कडक आहे. उन्हातही अतिनील किरण असतात, आणि भिंगाला दवाखान्यातला दिवा आणि दुपारचं ऊन यांतला फरक कळत नाही. त्यामुळे नंबर पक्का होईपर्यंत रुग्णाला अतिनील किरण अडवणारा खास चष्मा लावून वावरावं लागतं, आठवडेच्या आठवडे. मनाजोगतं दिसू लागलं की शेवटी संपूर्ण भिंगावर प्रकाश टाकतात. उरलेसुरले सगळे मोकळे रेणू जिथल्या तिथे अडकतात, झिरपायला कुणी शिल्लक राहत नाही. त्यानंतर त्या भिंगाला उजेडाने काही होत नाही, आणि रुग्ण चष्मा काढून उन्हात जाऊ शकतो.